जेवणाआधीची चांगली गोष्ट

२ सप्टेंबर १९०७, स्पिट्सबर्गन
मला या ध्रुवाजवळच्या बेटावर उतरवून गलबत नॉर्वेला, ट्रॉम्सो बंदरात परत गेलं. खोपटं लहान, पण शेगडी झकास. हिवाळाभर आम्ही तिघंच: कप्तान ब्रोख, आचारी सिव्हर्ट आणि मी, सुतार. कप्तान मोठ्या उमेदीचा माणूस. त्यांचा नियम असा, की जेवायला बसल्यावर प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची, मगच चमचा उचलायचा. रडगाणं गाणाऱ्याने त्या रात्री भिंतीपलीकडच्या बिनशेगडीच्या कोठारात झोपायचं. सिव्हर्ट मला हळूच म्हणाला, की काही सुचलं नाही तर माझ्या सुपाची तारीफ कर, मीही तेच करतो. दोघंही मला आवडले.

८ नोव्हेंबर
सूर्य जाऊन पंधरवडा झाला. सिव्हर्टच्या हिरड्यांतून रक्त येतंय, गुडघे काळेनिळे पडलेत. खारवलेलं मांस खाऊनच हा रोग होतो. ताजं मिळालं तर तो वाचेल. खाडीपलीकडच्या शिकाऱ्यांकडे रेनडिअर टांगलेली असतात, पण खाडीला वळसा घालून स्लेज एकट्याला ओढवत नाही. कप्तानांना विचारलं, तर म्हणाले, उमेद सोडतो तो आधी मरतो, गड्या.

जेवताना सिव्हर्टने सांगून टाकलं, की आज दोन दात पडले. कप्तानांनी हसतमुखाने त्याच्या हाती पांघरूण दिलं आणि कोठाराकडे बोट दाखवलं. मी सुपाची तारीफ केली. मला माझीच शिसारी आली.

९ नोव्हेंबर
सिव्हर्ट गेला. सकाळी लाकडासारखा ताठ झाला होता. डोळे मीच मिटले. जमीन गोठलेली, पुरणार कुठे? कोठारातच ठेवलाय. कप्तान म्हणतात, त्याला विश्रांतीच हवी होती.

१ डिसेंबर
जेवताना कप्तानांनी भिंतीकडे वळून सिव्हर्टला त्याची चांगली गोष्ट विचारली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग भिंतीपलीकडून सिव्हर्टच म्हणाला, की गुडघे आता अजिबात दुखत नाहीत.

कप्तान मला म्हणाले, बघ, याला म्हणतात उमेद.

२४ डिसेंबर
नाताळची खीर. तिच्यात एकच बदाम, मिळेल तो नशीबवान. एक वाडगा कप्तानांनी कोठारात ठेवला. चाटूनपुसून परत आला. बदाम कुणाला, त्यांनी विचारलं. भिंतीपलीकडून सिव्हर्ट म्हणाला, मला.

माझा दात हलतोय.

२७ डिसेंबर
चांदणं आहे. खाडी गोठलीय. उद्या निघालो नाही तर मीही —

जेवताना बोललो. सिव्हर्ट मेलाय, माझ्या तोंडातून रक्त येतंय, उद्या निघू या. कप्तानांनी माझं पांघरूण घडी करून दाराशी ठेवलं. मी जाणार नाही म्हटलं. नसशील जात, म्हणाले, तर तोच येईल न्यायला.

समोर बसून हसताहेत. मी लिहितोय, म्हणजे वर बघायला नको —

दार उघडलं. सिव्हर्ट म्हणतोय, चल रे सुतारा, मी सरकून झोपतो, तुझ्यापुरती जागा —