दुधाच्या वहीतल्या रेघा

अप्पा, तुमची नात पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. मरणानंतर लोकांनी दान केलेले मेंदू तिथं येतात आणि त्यांत एचआयव्ही किती आहे ते ती मोजते. काल दुपारी मी शेंगा निवडत होते अन् ती फोनवर सांगत होती, "ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, आई. एक वरचा, एक खोलातला. रक्तात सापडला नाही तरी मेंदूत लपून असू शकतो." मी विचारलं, "मग माणसाला काय होतं गं?" "औषध नसलं तर विसरायला लागतं. हातपाय मंदावतात." माझा हात शेंगांतच राहिला.

मी दहावी होऊन घरी बसले होते. तुम्ही होटगीची रेल्वेतली नोकरी सोडून आला होता, अन् रोगाचं नाव लिहिलेला कागद अव्वानं, माझ्या आईनं, तांदळाच्या डब्यात घातला होता. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन तुम्ही पूजेला बसता. विभूती, बेलाचं पान, मिटलेले डोळे, खिडकीतून आलेलं ऊन तुमच्या मांडीवर. उठता, अंगणापर्यंत जाता, परत येता अन् पुन्हा पूजेचं पाणी मागता. मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर पूजेगणिक रेघ मारायला लागले. आधी दिवसाला दोन, मग पाच, श्रावणात एकदा नऊ. रोग मेंदूपर्यंत किती चढला, तेच मी मोजत होते की काय, कुणास ठाऊक.

"अप्पा, झाली की पूजा."

"कोण म्हणतं?"

"वहीत हाय."

"मग देवाला वही दाखव की," म्हणून तुम्ही हसायचात अन् परत बसायचात.

एकदा लिंग पिठाच्या डब्यात सापडलं. पुन्हा हरवू नये, तुम्हालाही जरा विसावा मिळावा, म्हणून दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी ते गळ्यातून काढून घेतलं. आपल्या लिंगायतांत लिंग अंगावेगळं करत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. उठल्यावर तुम्ही छाती चाचपलीत. "पोरी, माझं लिंग कुटं गेलं?" मी म्हणाले, "तुम्हीच टाकलं असेल कुठंतरी." तीन दिवस तुम्ही चाचपत होता. चौथ्या दिवशी गेलात.

तुम्हाला मातीत बसवताना स्वामींनी हातावर ठेवायला लिंग मागितलं. माझंच वाक्य धरून काका सगळ्यांसमोर म्हणाले, "लिंग फेकून देणाऱ्याला तसलाच रोग होणार की." तेव्हा ते माझ्या कमरेला, पदराखाली बांधलेलं होतं. मी पदर आणखी आवळून घेतला. स्वामींनी तुमच्या रिकाम्या तळव्यावर नुसती विभूती ठेवली.

काका गेले, पण ते बोलणं राहिलं. गेल्या सोमवारी त्यांचा मुलगा आमच्याकडे बसून तेच बोलला अन् मी चहा गाळत राहिले. रोज सकाळी माझ्या तळहातावर दोन लिंगं असतात, अप्पा. एकाची पूजा माझी, एकाची तुमची राहिलेली.

काल फोन ठेवताना लेकीला विचारलं, "मातीत गेलेल्यांचं मोजता येतं का गं?"

"इतक्या वर्षांनी नाही, आई. का?"

आजोबांनी काही फेकलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं तिला. तुम्हाला लिहिलेले हे कागदही त्या दुधाच्या वहीतच राहतील. मी म्हणाले, "सहज."