शेवंताच्या नावचं नेट

३ फेब्रुवारी, सकाळी ९
नेट कंपनीचा मेल. म्हणे तुमच्या कनेक्शनवरून चोरीचे पिच्चर वाटले जाऊन राह्यले, बंद करा. चोरीचे! मले अक्कल शिकवते. कनेक्शन बायकोच्या, शेवंताच्या नावावर आहे. बाईमाणसाले कोणी त्रास देत नाही, हे मी आधीच ओळखलं होतं. मेल डिलीट.

५ फेब्रुवारी
समोरच्या महेंद्रनं फुकटचा सल्ला देल्ला. म्हणे काका, पिच्चर उतरवला की टोरेंट लगेच बंद करा. चालू राह्यला की तुमच्याकडून दुसऱ्याले जाते, तिथंच पकडतात. पैसे देऊन पिच्चर पाहणारा येडपट! आपल्यात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही. घेतलं तर द्यावं लागते. माह्ये चारशे पिच्चर दिवसभर चालू असतात. संस्कार म्हणतात याले.

९ फेब्रुवारी
दुसरी नोटीस. आता कनेक्शनच कापू म्हणे. कापून दाखवा! पोरीचा, रचनाचा, १४ तारखेले मलाजखंडच्या नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. रडकुंडीले आली. बाबा, पाच दिवस तरी हे पिच्चर वाटणं बंद ठेवा म्हणते. हौ म्हटलं. आजकालच्या पोरींले धीरच नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी
सगळे बंद केले. शब्द म्हणजे शब्द.

१० फेब्रुवारी, दुपारी
एक चालू केला. अर्जेंटिनात कोणाचा तरी नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकला होता. माणुसकी नावाची काही चीज आहे का नाही?

१३ फेब्रुवारी
तिसरी नोटीस काही आली नाही. फुसके लेकाचे. सगळे चालू केले.

१४ फेब्रुवारी, १०:५०
नेट बंद. इंटरव्ह्यू अकराले. मोबाइलवर नुसतं गोल फिरून राह्यलं. कंपनीले फोन लावला. काहून कापलं विचारलं, तर मॅडम म्हणते शेवंताबाईंशीच बोलू. मी कोण मग? रचना लॅपटॉप घेऊन महेंद्रकडे पळाली.

१८ फेब्रुवारी
रचनाले नोकरी लागली. महेंद्रच्या बायकोनं डबाभर खीर पाठवली. नुसता दिखावा. शेवंतानं कंपनीले माफीनामा लिहून देल्ला, नेट सुरू झालं. पण पासवर्ड बदलला. मागितला तर म्हणते, तुमच्यासाठी नाही.

डबा परत न्यायले मलेच धाडलं. हलका लागला. म्हटलं, शेवंता रीत विसरली. महेंद्रनं उघडला. आत चिठ्ठी. वाचून हसला. म्हणे काकूंनी नवा पासवर्ड देल्ला, आमचं नेट गेलं तर वापरायले. दाखव म्हटलं. त्यानं चिठ्ठी खिशात टाकली. तुम्हाले दाखवू नका असं खाली लिहिलं आहे म्हणे.

खीर पातळच होती.