साळिंदराचे खांदे

बडोदे,
रविवार सकाळ (पहिला चहा झाला, दुसऱ्याची चिन्हे नाहीत)

तीर्थस्वरूप जगदेवराव दाजींच्या पायी धाकटा मेहुणा सुभान याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात दोन्ही जोडले आहेत. खांद्यांचा विषय आज काढायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.)

आम्ही सर्व इकडे ठीक आहोत, माझा डावा गुडघा सोडून. तुमची साखर कशी आहे? अक्का फोनवर ठीक म्हणते, पण तिचा स्वभाव तुम्ही जाणता. घराला आग लागली तरी ती "जरा उकडतंय" एवढेच सांगेल. डभोईला भटकी कुत्री वाढल्याचे पेपरात वाचले, तेव्हा फिरायला जाताना काठी घेत जा. गच्चीवरच्या टाकीचे झाकण बसवले का? मागच्या भाऊबीजेला अक्का म्हणाली होती की ते उडाले आहे. तेव्हापासून वारा सुटला की मला तुमची टाकी आठवते. गॅसचा नळ बंद करून एकदा बघावा, मग पुन्हा एकदा बघावा. आमची सौ. सरोजिनी मला यावरून हसते, पण बघण्याला काही खर्च येत नाही.

पत्र लिहिण्याचे कारण, तुम्ही फोन घेत नाही. येत्या मार्गशीर्षात आमच्या नातवाच्या, उत्कर्षच्या, लग्नाला दोन वर्षे होतील. त्या दिवशी भर पंगतीत, नव्या व्याह्यांसमोर, मी जे बोललो ते बोलायला नको होते. (पन्नास वर्षांपूर्वी पादरा गावच्या कुस्तीच्या फडात तुम्ही मला पाडलेत खरे, पण माझा एकच खांदा टेकला होता, म्हणून ती कुस्ती निकाली धरता येत नाही, असे मी बोललो. हे मी पन्नास वर्षे बोलतो आहे, पण व्याह्यांसमोर पहिल्यांदाच.) तुम्ही बासुंदीची वाटी अर्धी ठेवून पानावरून उठलात आणि डभोईच्या बसमध्ये बसलात. त्यानंतर आमच्या उंबऱ्याला तुमचा पाय नाही. मी फोन केला की अक्का सांगते, "हे आंघोळीला गेलेत." दाजी, दोन वर्षांत माणूस इतक्या वेळा आंघोळीला गेला तर त्याची कातडी राहणार नाही. म्हणून पत्र. पत्र आंघोळ होईपर्यंत थांबते.

तर विषय असा, की आमच्या रसिकेच्या ऑफिसने केलेला सिनेमा लागला आहे. रसिका म्हणजे उत्कर्षची धाकटी बहीण, जी लहानपणी तुमच्या मिशा ओढायची तीच. ती कार्टूनच्या ऑफिसात चित्रे हलवण्याचे काम करते. (सातवीपर्यंत शिकलेल्या आजोबाची नात चित्रे हलवते आणि त्याचा पगार मिळतो, हे मला अजून पूर्ण पटलेले नाही. कुणी चौकशीला येईल की काय अशी भीती वाटते.) सिनेमाचे नाव 'झुबरा पहिलवान'. त्यात सगळे पहिलवान जनावरे आहेत. झुबरा हे अस्वल आहे, दांडगे, मनाने चांगले, पण पटकन रागावून पानावरून उठणारे. वस्ताद म्हणजे विश्वामित्री नदीच्या काठावर ऊन खात पडलेली म्हातारी मगर. ती जिवंत आहे की नाही हे अर्ध्या सिनेमापर्यंत कुणालाच कळत नाही. (आपले वस्ताद विश्वंभरदादा फळीवर असेच पडून असायचे, आणि आपण डाव चुकलो की डोळे न उघडता खडा मारायचे. मगरही मारते.) आणि तिसरे एक साळिंदर आहे. अंगाने काडी, सारखे धास्तावलेले. धास्तावले की त्याचे काटे उभे राहतात, म्हणून त्याच्याशी कुणी कुस्ती धरत नाही. शेवटी त्याला गोधडीत गुंडाळून आखाड्याच्या हौद्यात उतरवतात. ते हौद्यात उतरण्यापूर्वी बिळाचे दार लावले आहे का हे तीनदा बघून येते. मी रसिकेला विचारले, हे कोण? ती म्हणाली, "कुणीच नाही हो आजोबा, असंच सुचलं." सरोजिनी मात्र इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

हा सिनेमा बघायला येण्याची तुम्ही अजिबात तसदी घेऊ नये, हे सांगण्यासाठी हे पत्र. अक्का आग्रह करेल. ऐकू नका. थेटरात गारठा इतका, की मी कानटोपी, मफलर आणि सरोजिनीची शाल घेऊनही कुडकुडत होतो. जिने सरकते आहेत, त्यावर पाय केव्हा ठेवायचा हे ठरवताना माझ्या मागे बरीच माणसे साचली. खुर्ची आपोआप मागे जाते, ती कुठवर जाईल याची शाश्वती नाही. त्यात डोळ्यांवर आणखी एक काळा चष्मा देतात. मी तो माझ्या चष्म्यावर चढवला, तो कानटोपीत अडकला. साळिंदराचे काटे जेव्हा पडद्यातून सुटून आमच्या अंगावर आले तेव्हा मी खाली वाकलो तो पुढच्या खुर्चीला कपाळ. तुमच्या वयाला हे सोसणार नाही. (तुम्ही माझ्याहून दीड वर्षाने मोठे. मला सोसले नाही.)

या सिनेमात माझा हात आहे, हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. रसिकेच्या ऑफिसात कुस्तीचे डाव कुणालाच येत नव्हते. तिथली मुले मोबाईलवर कुस्त्या बघून अस्वलाला ढाक मारायला लावत होती, आणि ते अस्वल कपडे वाळत घालताना दिसत होते. म्हणून रसिका मला घेऊन गेली. तिथे अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख देतात, त्यावर लिंबाएवढे पांढरे गोळे लावतात, आणि आपण हललो की ते गोळे मशिनीत हलतात. मी पहिला प्रश्न विचारला, लंगोट याच्या आत की बाहेर? यावर रसिका घाईघाईने चहा सांगायला गेली. मग मी विचारले, माती कुठे आहे? तर माती नाही! खाली आरशासारखी पांढरी फरशी. दाजी, कपाळाला माती लावल्याशिवाय आणि हौद्याला हात लावून नमस्कार केल्याशिवाय आपण उभ्या जन्मात कधी अंगाला अंग लावले आहे का? मी ते ओळखून घरूनच आखाड्यातली माती नेली होती, हळद-ताक-तेल घातलेली, बासुंदीच्या स्टीलच्या डब्यात. (डबा सरोजिनीला न विचारता घेतला होता. तो वेगळा विषय.) थोडी कपाळाला लावली, आणि बाकीची जशी आपण शिंपतो तशी चारी दिशांना शिंपली.

तिथे चारी दिशांना कॅमेरे होते.

दोन तास काम बंद. एक मुलगा ब्रशने कॅमेरे झाडत होता, दुसरा माझ्याकडे बघून "दादा, कंई नहीं, कंई नहीं" म्हणत होता, आणि ते ऐकून मला आणखी घाम फुटत होता. आता रसिकेची नोकरी जाणार, असे मी धरूनच चाललो. रात्रभर कूस बदलत होतो. पण दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर दाराशी परात, परातीत माती! रसिकेने सांगून ठेवले होते, जो आत येईल त्याने कपाळाला लावून यावे, शिंपू नये. आणि खरे सांगतो, आता ती पोरे रोज कामाला बसण्यापूर्वी कपाळाला माती लावतात. त्यातली निम्मी गुजराती, दोन मद्रासकडची. परवा तर म्हणे एक मोठे साहेब मुंबईहून आले, त्यांनीही लावली, आणि तशाच कपाळाने विमानात बसले.

(त्या ऑफिसात आणखी एक गोष्ट घडली, एका लोडाच्या बाबतीत. ती इथे लिहिण्याचे कारण नाही.)

आता थेटरातला प्रकार. तोही तुम्हाला अक्का तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून खरा तसा लिहितो. मराठीचा एकच खेळ, सकाळी अकराचा. आम्ही साडेनवाला पोहोचलो, कारण रस्त्यात काही झाले तर? काहीच झाले नाही, त्यामुळे दीड तास काढायला समोर सेव-उसळ खावी लागली. सिनेमा सुरू झाला. थेटर पोरांनी भरलेले. मध्यंतरानंतर झुबरा आणि साळिंदर यांची मोठी कुस्ती लागते. ती कुठल्या कुस्तीवरून घेतली आहे हे मी सांगत नाही, पण फडाच्या मागे चिंचेचे झाड आहे आणि झाडावर एक बाई चढून बसलेली दाखवली आहे. (अक्काला विचारा, पादऱ्याला ती झाडावरून उतरली तेव्हा बाबांनी काय केले.) झुबऱ्याने पट काढला, साळिंदर गोधडीसकट उडाले, सगळीकडे धूळ, आणि नेमक्या त्याच क्षणी माझा काळा चष्मा कानटोपीतून निसटून खुर्चीखाली गेला. त्यामुळे साळिंदराचा एक खांदा टेकला की दोन, हे मला दिसले नाही. मी खाली वाकून चष्मा शोधत होतो. पोरे टाळ्या वाजवत होती, एवढे ऐकू आले.

वर बघतो तर झुबऱ्याने साळिंदराला खांद्यावर घेतलेले. त्याचा गुडघा मोडला होता, आणि घाबरल्यामुळे गोधडीतून काटे बाहेर आले होते. ते सगळे झुबऱ्याच्या मानेत रुतत होते, पण ते अस्वल एक शब्द न बोलता त्याला नदीपर्यंत घेऊन गेले. दाजी, पादऱ्याच्या फडापासून एसटी स्टँड दीड मैल होते. हे मी रसिकेला कधीतरी सांगितले असेल.

तिथून पुढे चूक माझी. झुबरा परत हौद्यात येतो, थेट आपल्याकडे तोंड करतो, मांडीवर शड्डू ठोकतो आणि विचारतो, "आहे का कुणी?" आणि थांबतो. आता तुम्हीच सांगा. समोरच्याने शड्डू ठोकला आणि आपल्या बाजूने उत्तर गेले नाही, तर आखाड्याची अब्रू काय राहिली? वस्तादांनी आपल्याला शिकवले काय? तीनशे माणसे बसली होती, एक उठत नव्हता. मी शाल सरोजिनीच्या मांडीवर टाकली, उभा राहिलो आणि ठोकला. पन्नास वर्षांनी ठोकला, पण आवाज असा निघाला की पुढच्या रांगेतल्या बाईंचे पॉपकॉर्न सांडले. सरोजिनी म्हणाली, "अहो, बसा! शिवण उसवली!" मागून बॅटरी घेऊन माणूस आला, म्हणाला, "काका, बेसी जाओ ने!" पण तेवढ्यात एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून, पुन्हा ठोका म्हणून ओरडली, "दादा, फरीथी करो ने!" आणि तिने स्वतःच ठोकला. मग तिच्या भावाने. मग सगळ्या रांगेने. दाजी, त्या काळोखात तीनशे मांड्या वाजल्या. बॅटरीवाल्यानेसुद्धा बॅटरी काखेत धरून ठोकला, मी डोळ्यांनी पाहिला. झुबरा पडद्यावर हसला. (तो तसाही हसणारच होता, रसिका म्हणते. पण मला ते पटत नाही.) बाहेर पडताना पोरे माझ्या पाया पडत होती आणि मी पाठ भिंतीला लावून, शाल कमरेला गुंडाळून उभा होतो, कारण शिवणीचे खरे होते.

असो. गारठा, जिने, चष्मे, हा सगळा त्रास लक्षात घेऊन आपण येऊ नये हेच बरे. अक्काला नमस्कार. टाकीचे झाकण बघावे. डोकेच नव्हे तर गुडघाही (उजवा) टेकून पुन्हा नमस्कार करतो.

आपला,
सुभान

ता. क. वरचा मजकूर सरोजिनीने वाचला आणि म्हणाली, "हे पत्र पाठवलंत तर मी पण दोन वर्षं आंघोळीला जाईन." तरी कळवतो की सिनेमा पुढच्या गुरुवारपर्यंतच आहे. बुधवारच्या अकराच्या खेळाच्या चार खुर्च्या रसिकेने धरून ठेवल्या आहेत. मधल्या रांगेत, तुमच्या पायांना जागा होईल अशा. सरकत्या जिन्याच्या शेजारी साधा जिनाही आहे, तो मला परत येताना दिसला. मी स्टँडवर आठपासून उभा असेन. तुम्ही साडेनवाच्या बसने आलात तरी चालेल.

दुसरा ता. क. लोडाचे राहिले. पादऱ्याची कुस्ती नेमकी कशी झाली हे रसिकेला हवे होते, आणि माझ्यासमोर जोड म्हणून तिने एक मोठा लोड ठेवला. मी म्हटले, काम आहे, चोख करू. तुम्ही जसा पट काढलात तसा लोड ओढला, जसा उडालो तसा उडालो, जसा पडलो तसा पडलो. माणसाला तोंडाने काहीही सांगता येते, पण अंगाला पडायचे एकदाच माहीत असते. मशिनीत बघितले तर दोन्ही खांद्यांवरचे गोळे फरशीला टेकलेले. रसिकेने तेच चित्र दोनदा मागेपुढे करून बघितले. तिने विचारले, "आजोबा, एकच दाखवू का?" मी चहा मागितला. चहा संपेपर्यंत विचार केला आणि म्हटले, जसे आहे तसे ठेव. आणि चष्मा पडला नव्हता, दाजी. मी बघत होतो.

तिसरा ता. क. सरोजिनी बुधवारी बासुंदी करणार आहे (डबा घासून घेतला आहे, चारदा). ती पूर्ण खायची. आणि सिनेमा संपून दिवे लागले तरी जागेवरून उठू नका. तुम्हाला मध्येच उठण्याची सवय आहे म्हणून सांगतो. शेवटी बारीक अक्षरात खूप नावे वर जातात. वाचायचा चष्मा आणा. त्या नावांमध्ये मगर झोपायला जाते, तिच्या लगेच खाली एक ओळ येते: 'पादऱ्याची कुस्ती. विजयी: जगदेवराव, डभोई.' ती मी सांगून घालून घेतली आहे. तिच्यापुढे 'माती ओली होती' असेही घालायला सांगितले होते, पण रसिका म्हणाली, जागा नाही.