काकांचं ‘वरीलप्रमाणे’

तीर्थरूप काकांना,

पुतणीचा साष्टांग नमस्कार (कागदावरच; ऑफिसात भाड्याने द्यायच्या खाटा आणि वॉकर इतके रचलेत की आडवं व्हायला जागा नाही). गुडघा कसा आहे? काकू म्हणाली, गुडघ्यामुळेच तुम्ही ऑफिसात येत नाही. त्याच गुडघ्याने रोज बागेला फेऱ्या मारता, असंही तीच म्हणाली.

माझ्या प्रोग्रामर भागीदारणीने तुम्हाला फोनवर जे सुनावलं ते अर्धवट आणि फटकळ होतं, म्हणून मी सविस्तर कळवते. सुरुवातीला आमची गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी. खाट कुणाकडे, वॉकर कुणाकडे, सगळं तोंडपाठ. मग व्याप वाढला आणि गिऱ्हाइकांची नावं-पत्ते कॉम्प्युटरवर टाइप करायचं काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलंत. एकाच घरातली दोन माणसं आली, की दुसऱ्याच्या पत्त्याच्या जागी तुम्ही लिहायचात ‘वरीलप्रमाणे’. जन्मभर हेडक्लार्की केलेल्या माणसाने दुसरं काय लिहावं? ते बिनचूकच होतं. पण आमच्या प्रोग्रामर बाईसाहेबांनी एक बटण दाबून सगळी नावं अकारविल्हे लावली, आणि प्रत्येक ‘वरीलप्रमाणे’च्या डोक्यावर भलतंच बिऱ्हाड येऊन बसलं.

मग काय विचारता! चाकाची खुर्ची गेली एका कवायतीच्या मास्तरांकडे (दार उघडलं तेच दोरीवरच्या उड्या मारत). कमोडची खुर्ची गेली एका नव्या जोडप्याकडे. सुनेला वाटलं, सासूबाईंनी मुद्दाम पाठवली. त्या घरात सध्या कोण कोणाशी बोलतं ते मी विचारलेलं नाही.

इथवर मी हसत होते. पण एका आजींना दवाखान्यातून घरी आणलं, आणि त्यांची खाट दुसऱ्याच गल्लीत. दुपारभर त्या ॲम्ब्युलन्समध्ये पडून होत्या. त्यांची मुलगी फोनवर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “आईला कुठे झोपवू, तेवढं सांगा.” काका, मला रडू आलं.

भागीदारीण म्हणते, पहिल्या दिवसापासूनच पक्की व्यवस्था हवी होती. मला पटत नाही. चार गिऱ्हाइकांसाठी एवढा पसारा मांडला असता, तर पाचवं यायच्या आधीच आम्ही गाशा गुंडाळला असता. मात्र ज्या दिवशी एखादं नाव ऐकून ऑफिसात कुणालाच चेहरा आठवला नाही, त्या दिवशी हातातलं काम ठेवून माहिती नीट करायला बसायला हवं होतं. तो दिवस आला तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, केवढा धंदा वाढला म्हणून.

आता नव्या ऑर्डरी बंद केल्यात आणि घरोघर फोन करून पत्ते विचारतोय. लोक आमचे फोन कापतात. तुमचा आवाज ऐकला तर ते उभं राहून पत्ता सांगतील. मनाला लावून घेऊ नका, काका. तुमच्याशिवाय ऑफिस खायला उठतं.

तुमची (अजूनही लाडकीच ना?)
पुतणी

ता. क. भागीदारीण तोंडाने माफी मागणार नाही. तुमच्या टेबलावर नवा पंखा आणून ठेवलाय, तीच माफी समजा.

ता. क. दुसरा. ऑर्डरी कुणाला विचारून बंद केल्या, असं आमच्या कंपनीत पैसे घातलेल्या साहेबांनी दरडावून विचारलं. मी गांगरून तुमचं नाव सांगितलं: आमचे माहितीप्रमुख, फार कडक, त्यांच्यापुढे आमचं काही चालत नाही. साहेब सोमवारी सकाळी तुम्हाला भेटायला येताहेत. कोटाला इस्त्री करायला काकूला सांगून ठेवलंय.