लेबलावरचा खाकी कागद

९ फेब्रुवारी

सापडली! भंगारवाल्याच्या खोक्यात, अगदी तळाशी. गाण्याची छोटी तबकडी, जपानी, ८१ सालची. बास गिटारची धून नाचायला लावणारी, आणि बाई मात्र गाते अशी, की शेवटची बस चुकलीय आणि आता कसली घाई! दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासत होतो आणि डोक्यात तेच गाणं. जेवढ्या याद्या माहीत आहेत तेवढ्या पालथ्या घातल्या. हिचं नाव कुठेच नाही.

बायको म्हणाली, "चाळीस वर्षं तिला कुणी विचारलं नाही, आता तुम्ही विचारताय. नशीब काढलं बाईनं!"

१२ फेब्रुवारी

लेबलावर खाकी कागद चिकटवला. आम्हा तबकड्या जमवणाऱ्यांची ही रीतच – गाणं चारचौघांत वाजवायचं, नाव झाकायचं. नाव फुटलं की उद्या दहा जण त्याच मागावर. फक्त दातवाल्याला सांगितलं. तीस वर्षांची दोस्ती. माझे दात आणि माझी गुपितं, दोन्ही त्याच्याच हवाली.

२० फेब्रुवारी

अर्ध्या मिनिटाचा तुकडा नेटवर टाकला. अर्थात नावाशिवाय. लोक पिसाळलेत! एकानं लिहिलंय, "काका, हात जोडतो, नाव सांगा." जोड म्हणावं.

२ मार्च

जपानहून एका बाईचा मेल. "हा माझा आवाज आहे. लेबलावर दुसरं नाव असेल, ते कंपनीनं मला न विचारता ठेवलं होतं. माझ्याकडे ती तबकडी उरली नाही. पूर्ण गाणं ऐकवाल का?"

काय पण शक्कल! मागे एकजण गायिकेचा भाचा झाला होता, एकजण ड्रमवाला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. हिनं तर नाव न जुळण्याची सोय आधीच करून ठेवलीय! मीही ऐटीत उत्तर दिलं – "मी या संगीताचा तीस वर्षांचा अभ्यासक आहे. गायिका कोण, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती तुम्ही नाही. तुमचा गैरसमज झालाय."

पक्कं वगैरे काही नाही, मला फक्त लेबलावरचं नाव ठाऊक. पण अशांना असंच गप्प करावं लागतं.

३ मार्च

दातवाल्याला तो मेल दाखवला. वाटलं, पोट धरून हसेल. हसला नाही. "आणि खरंच तीच असली तर?"

"तू दात उपट," म्हटलं.

२८ मार्च

दातवाला तबकडी धुवायला घेऊन गेला. त्याच्याकडे यंत्र आहे, कवळ्यांच्या शेजारीच ठेवलेलं. चार दिवसांनी देतो म्हणाला.

११ एप्रिल

पेन दोनदा खाली ठेवलं. तरी लिहितो.

दाढ भरायला गेलो होतो. तोंडात कापूस, वर दिवा. तेवढ्यात त्याची मदतनीस दारातून म्हणाली, "डॉक्टर, तुमचं जपानचं पार्सल पोचलं हं!" दातवाल्याचा हात थांबला. मी काही बोलू शकत नव्हतो. "आँ? आँ?" एवढंच.

कापूस काढल्यावर सगळं कबूल केलं. धुवायला नेली तेव्हाच गाणं उतरवून घेतलं. कागद सोलला, लेबलाचा फोटो काढला, पुन्हा जसाच्या तसा चिकटवला! त्या मेलवरून पत्ता मिळवला आणि सगळं तिला पाठवून दिलं.

"तिला हवं होतं रे," म्हणाला. "तुला विचारलं असतं तर तू दिलं असतंस?"

नसतंच दिलं! म्हणून चोरायचं? केसानं गळा कापला मेल्यानं. कुणा परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. याला काय म्हणू?

१४ एप्रिल

दातवाला दुकानात आला. गिऱ्हाईक असल्यासारखा काउंटरपाशी उभा राहिला. मी मान वर केली नाही. म्हटलं, "चष्मा हवाय? आमच्याकडे नाही." अर्धी भरलेली दाढ ठणकतेय. दुसऱ्या डॉक्टरकडे जाईन, पण त्याच्याकडे नाही.

बायको म्हणते, "एका गाण्यासाठी?" गाण्यासाठी नाही! विश्वास टाकला होता मी. या वयात आता नवा मित्र कुठून आणू?

२ मे

रोज नेटवर बघतो, नाव फुटलंय का. अजून नाही. त्याचाही राग येतो.

१९ मे

जपानहून मेल. त्या बाईंच्या मुलीचा.

आई मागच्या मंगळवारी गेली. सामान आवरताना कंपनीचा जुना करार सापडला. त्यावर दोन्ही नावं आहेत, आईचं खरं आणि लेबलावरचं. तुमच्या माहितीसाठी कळवतेय, असं लिहिलंय. रागाचा एक शब्द नाही.

पुढे लिहिलंय – तुमच्या मित्रानं पाठवलेलं गाणं आईनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान गाते. पण ही मी नाही. त्या अभ्यासकांनी कळवलंय ना."