खुराड्याचा आकडा

३ मार्च, मंगळवार

आज कोंबड्यांनी माझा अपमान केला! मी मूठभर दाणे घेऊन अंगणात उभी, घसा ताणून ती-ती-ती करतेय, आणि सहाच्या सहा जणी सूनबाईच्या पायांत. तिच्या हातात रिकामी बादली! ठिपकीसुद्धा तिकडेच. पिल्लू होती तेव्हा शिवणयंत्राच्या खोक्यात, चिंध्यांवर वाढवलीय हिला मी.

चिरंजीव खिडकीतून हसले. आई, तुझं राज्य गेलं म्हणे. सून घरात येऊन सहा महिने नाही झाले. जळफळाट झाला. होतो तर होतो, इथे कोण वाचणार आहे.

५ मार्च

सूनबाईने खुराड्याभोवती चर खणला, हातभर जाळी जमिनीत पुरली, वर दगड रचले. कोल्हा खालून उकरून आत येतो म्हणे. गेल्या वर्षी माझ्या तीन कोंबड्या एकेक करून गेल्या, त्याही अशाच गेल्या असणार असं ठरलं. उकरलेली माती मला तेव्हा दिसली नव्हती. पण असेल.

पलीकडचे सुतार कुंपणाला टेकून तोंड भरून कौतुक करत होते. दहा वर्षं मी कोंबड्या पाळतेय, या गृहस्थांच्या तोंडून कधी 'वा' निघालं नाही. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!

८ मार्च

सूनबाईने न विचारता माझ्या दहा सुयांत दोरे ओवून ठेवले. मी अजून जिवंत आहे म्हटलं!

११ मार्च

शाळेतल्या बाई मुलीचा फ्रॉक परत घेऊन आल्या. पाठीवरचे हुक आणि घरं जुळत नाहीत. मुलगी अंगाने सुटली असेल — पण गिऱ्हाइकाला असं सांगता येत नाही. मी चहा टाकेपर्यंत सूनबाईने सगळे हुक उसवून पुन्हा लावलेसुद्धा. बाई जाताना आभार मानून गेल्या. कुणाचे? तिचे! यंत्र माझं, गिऱ्हाईक माझं, चहा माझा.

वर चिरंजीवांचं टुमणं चालूच — डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. दोघांनी मिळून माझ्यामागे लागायचं ठरवलंय. माझे डोळे माझे मला पुरतात.

१४ मार्च

चोर सापडला!

संध्याकाळी कोंबड्या आत घालून दाराचा आकडा लावायचा, एवढं एकच काम माझ्याकडे उरलंय. उजेड असतानाच मोजते, दार ओढते, चौकटीवरच्या कडीत आकडा अडकवते. टक्‌ असा आवाज येतो, मग घरात. आज सहज मागे वळले, तर ही पाय न वाजवता खुराड्याशी गेलेली. वाकून काहीतरी करत होती. म्हणजे माझ्यावर पहारा! किती दिवस चाललंय कुणास ठाऊक.

विचारलं, तर खाली बघून म्हणाली, पाणी बघत होते. पाण्याचं भांडं पलीकडच्या बाजूला असतं. खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं.

१५ मार्च

जेवताना चिरंजीवांच्या देखत सांगून टाकलं. संध्याकाळनंतर खुराड्याकडे पाऊल टाकायचं नाही. सगळं घेतलंस, हे तरी राहू दे.

ती म्हणाली, "आई, दिवसातून एकदाच बघू द्या. संध्याकाळी."

"नाही म्हणजे नाही."

चिरंजीवांनी मान खाली घालून ताट संपवलं. कधी नव्हे ते आज शांत झोप लागेल.

१६ मार्च

मोजल्या. आकडा लावला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पुसत. आली नाही. जिंकले!

१७ मार्च

ठिपकी गेली.

सकाळी पाहिलं तर दार सताड उघडं. पिसं थेट कुंपणापर्यंत. बाकीच्या पाच सुतारांच्या फळ्यांवर चढून बसलेल्या, खाली उतरायला तयार नाहीत.

कोल्हाच, सुतार म्हणाले. ओल्या मातीत पावलं उमटलीत. जाळी जागच्या जागी. दारातूनच आला.

चिरंजीव मला काही विचारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काल आकडा मी लावला. नीट बसला नसेल."

खोटं! मी लावला होता, माझ्या हाताने. चिरंजीव तिला नाही नाही ते बोलले. मला तोंड उघडायला हवं होतं. मूग गिळून बसले. तिला बोलणी बसताना आतून बरं वाटलं — लाज वाटते लिहायला, पण वाटलं. आणि मग तेही सलायला लागलं. चुकीचं खापरसुद्धा हिलाच हवं! मोठ्या मनाची म्हणून मिरवायला माझी ठिपकी मिळाली.

दिवसभर खोकं मांडीवर घेऊन बसले. कपडा एक शिवला नाही.

१८ मार्च

दुपारी लख्ख उन्हात खुराड्याशी गेले. रोजच्यासारखा आकडा लावला. टक्‌ झालं. मग बोटांनी चाचपलं.

कडीत नव्हता. शेजारच्या जाळीच्या भोकात होता. दार नुसतं ढकललं, तर आकडा निसटला आणि उघडलं.

ते भोक ताणून ताणून अंगठ्याएवढं झालंय. कडा गंजल्यात. एका दिवसाचं काम नव्हे हे, सहा महिन्यांचंही नव्हे.

संध्याकाळी पाच मोजल्या. सूनबाईला हाक मारली. म्हटलं, आकडा तू लाव.

जेवताना चिरंजीवांना सांगितलं, परवा आकडा मी लावला होता. गेल्या वर्षी तिन्ही वेळा मीच लावला होता.