अप्पांच्या फियाटला अलार्म बसवण्याबाबत

उमापूर, ता. गेवराई
बुधवार, ५ फेब्रुवारी

ती. सत्यशीला आत्याबाईंना अंजलीचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता वाकत असेल असं धरून चालते. (वाकत नसेल तर ते नवं तेल आजच बंद करा, माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहू नका.) वडवणीत पाणी दिवसाआड येतं की अजून चौथ्या दिवशी? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ते वाक्य इथे लिहिते आणि लगेच एक दुरुस्ती करते.

मागच्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की अप्पांची फियाट चोरांनी दारातून नेली आणि आष्टीत सोडून दिली. चोर नव्हते, अप्पाच होते. त्या दिवशी सकाळी शर्ट खोचून, रबरी बूट डिकीत टाकून ते निघाले ते थेट आष्टीच्या जनावरांच्या दवाखान्यात. त्यांची पहिली नेमणूक तिथली, हे तुम्हाला माहीतच आहे. बाकावर बसून राहिले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चहा दिला. अप्पांनी एका म्हशीची कूस दाबून पाहिली आणि आजार सांगितला (बरोबर सांगितला, बाईंनी फोनवर मुद्दाम कळवलं), आणि मग विचारलं की माझी आजची हजेरी मांडली का. तेव्हा बाईंनी अप्पांच्या खिशातल्या कागदावरचा माझा नंबर लावला. मी एसटीने गेले आणि गाडी चालवत त्यांना घेऊन आले. घरी आल्यावर अप्पांनी चष्मा लावून मीटर पाहिलं आणि म्हणाले, "अंजे, कुणीतरी गाडी नेलती बघ. दोनशे किलोमीटर जास्तीचे दिसायलेत." त्यांना इतका धक्का बसला होता की तुम्हाला पत्र लिहायला त्यांनीच सांगितलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले (आष्टी ही माझी भर), शेवटी त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, आणि खरं काय ते ठाऊक असूनही मी पत्र पेटीत टाकलं. म्हणजे ही चूक नव्हती, आत्याबाई. खोटं होतं.

त्यावर तुमचा निरोप आला की आधी गाडीला अलार्म बसव. तुमचा शब्द मोडायचा नाही आणि खरं सांगायचं धाडस नाही, अशा दोन्ही बाजूंनी अडकून मी गेवराईत आदिनाथच्या दुकानात गेले. आदिनाथ म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. त्याने फियाटला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ताई, हिला चोर कावून नेईल? भंगारवाला नेईल, त्यो बी उचलून." मग त्याने समजावलं की अलार्म नुसता ओरडतो, आणि गाडी सुरूच होऊ द्यायची नसेल तर इमोबिलायझर बसवावा लागतो. मी वहीत दोन रकाने पाडले आणि घरी येऊन रात्रभर विचार केला. (रात्रभर म्हणजे अकरापर्यंत. नंतर झोप लागली.)

पहिला बसवला तो धक्का लागला की ओरडणारा. त्याच्या रिमोटवर कुलपाचं चित्र आहे. ते दाबलं की गाडी टुक् करते आणि कुलूप लागल्यासारखं वाटतं. पण फियाटची दारं किल्लीनेच लावावी लागतात, आणि मागचं डावं दार तर माझ्या जन्मापासून सुतळीने बांधलेलं आहे. सध्या उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी लावून रस्त्याने जातात. अलार्मने त्यातला एकही सोडला नाही. शेजारच्या बायडाबाईंची शेळी बॉनेटवर उन्हाला बसते, तीही त्याने सोडली नाही. पहिल्या दिवशी सगळी गल्ली धावत आली, दुसऱ्या दिवशी निम्मी, तिसऱ्या दिवशी बायडाबाई नुसत्या दारातून म्हणाल्या, "बाई, तुमच्या गाडीचं पोट दुखायलंय का?" एकटे अप्पा मात्र दर वेळी काठी घेऊन बाहेर यायचे, गाडीभोवती फिरायचे, खाली वाकून पाहायचे आणि चोर कुठून आला असेल याचा माग काढायचे. मी त्यांच्या मागे रिमोट खिशात घेऊन उभी असायचे. चौथ्या दिवशी बॅटरी उतरली आणि चोर येणं थांबलं.

मग इमोबिलायझर. आदिनाथने स्टार्टरची वायर तोडून मध्ये एक रिले घातला. आता किल्ली फिरवली की टक् असा एक आवाज, पुढे काही नाही. (अलार्मही नव्या बॅटरीवर तसाच ठेवला, कारण काढून टाकणं म्हणजे तुमचा शब्द मोडणं.) मी दोनदा तपासून पाहिलं आणि निश्चिंत होऊन दळण आणायला गेले. आत्याबाई, इथे मी एक गोष्ट विसरले जी या गावात कोणी विसरत नाही. अप्पांनी तीस वर्षं ज्यांच्या गाई-म्हशी हातात घेतल्या, त्या सगळ्यांना डॉक्टरांची गाडी बंद पडलेली दिसली की काय करायचं हे पाठ आहे. मी पिठाची पिशवी घेऊन वळणावर आले तेव्हा गाडी ठणाणा करत होती आणि मागे सहा माणसं लागली होती.

"डॉक्टर, कावून थांबलात?"

"सुरू व्हईना गेली बे."

"आमी हाव ना! ए, लावा रे हात! लई वरडायली, हिलाच एक सुई द्या डॉक्टर!"

मी ओरडले की ढकलू नका. कोणीतरी म्हणालं, "ताई, तुमी बाजूला व्हा, पायावरून जाईल." अप्पांनी दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि फियाट धूर सोडत निघून गेली. सहाही जण हात झटकत हसत उभे. त्यांतल्या एकाने मला पिशवी घरापर्यंत आणून दिली. अप्पा दोन तासांनी कालव्याच्या पुलाजवळ सापडले. गाडी बंद करून उतरले होते आणि घर कुठल्या अंगाला ते त्यांना आठवत नव्हतं. मला पाहून म्हणाले, "बरं झालं आलीस. सिंधूला सांग, जेवायला उशीर व्हईल." आई जाऊन तीन वर्षं होतील येत्या उन्हाळ्यात.

तिसरा उपाय चोरबटणाचा. कॉइलची वायर मध्ये तोडून बटण कुठेतरी लपवायचं. ते बंद असलं की सगळ्या गावाने ढकललं तरी गाडी सुरू होत नाही. आदिनाथने ते कुठे बसवलं हे मलाही शोधायला वेळ लागला. अप्पांना चहा निवायच्या आत सापडलं. शिव्या दिल्या नाहीत, पण मला हाक मारून जवळ बसवलं आणि दाखवलं, "हे बघ. असला जोड देत असतेत का? एखाद्या दिवशी पेटंल गाडी." मग वायर सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळून पूर्ववत केली. जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पण त्या गाडीतली कुठली वायर कुठे जाते हे त्यांचे हात विसरलेले नाहीत. आदिनाथला सांगितलं तर तो बराच वेळ पक्कड पुसत राहिला. म्हणाला, "ताई, ह्यांच्यापासून लपवायचं आसंल तर दुसरी गाडी घ्या."

आणि तुम्हाला आठवत असेल, मी दुसरीपर्यंत शाळेत गेले नाही. त्यांच्या बदल्या होत होत्या, म्हणून माझी शाळा त्याच गाडीत होती. काचेवरच्या धुळीत मुळाक्षरं, मीटरवर बेरजा. गोठ्यात गेल्यावर ते सिरिंज भरायचे आणि आधी मालकाला सांगायचे, काय टोचतोय आणि कशासाठी. मालक अडाणी असो, घाईत असो, न सांगता सुई कधीच नाही. मलाही तेच शिकवलं. आणि मी गेल्या पंधरा दिवसांत मालकाला न सांगता त्यांच्या गाडीला तीनदा टोचलं.

फोनवर हे बोलता आलं नाही, कारण फोन करायला बसले की अप्पा शेजारी येऊन बसतात आणि "आक्काला विचार, गुडघा कसाय" असं सांगत राहतात. हे पत्र त्यांनी वाचलेलं नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या समजाव्यात. सगळ्यांना जयभीम. प्रकृतीला जपा.

तुमची,
अंजली

ता.क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. कालव्याच्या पुलाजवळ फियाटच्या पुढच्या चाकाखाली एक सायकल होती, मागचं चाक पार दुमडलेलं. सायकल शाळेतल्या एका मुलीची होती. ती चिंचा वेचायला आधीच उतरली होती. अप्पांनी मला विचारलं, ही सायकल कुणाची. मी सायकल दुरुस्त करून दिली आणि त्यांना म्हणाले, माहीत नाही. तेही खोटं.

ता.क. २. अलार्म, रिले, बटण यांतलं काहीच लागणार नाही. लहानपणी आपण कुणाच्या लग्नाला गेलो की अप्पा बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचे आणि आतला रोटर, बोटाच्या दोन पेरांएवढा काळा तुकडा, रुमालात बांधून खिशात घालायचे. "आता नेऊ दे कुणाला न्यायची ती." तो नसला की ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही. वहीत एवढे रकाने पाडले, आणि हे मला काल भाकरी थापताना आठवलं.

ता.क. ३. आत्याबाई, मी तो गुपचूप काढू शकते. दोन मिनिटांचं काम आहे, त्यांनीच शिकवलंय. पण मला तो त्यांच्या हातून काढून हवा आहे, काय करतोय आणि कशासाठी हे त्यांना सांगून, आणि मग तुमच्या हातात ठेवलेला हवा आहे. (डिकीतल्या बिस्किटांच्या डब्यात दुसरा जादाचा आहे, तोही.) ते मला नाही म्हणतील, तुम्हाला म्हणणार नाहीत. तुम्ही तो वडवणीला न्या. ते रागावतील तेव्हा कुणीतरी त्यांना अप्पा किंवा डॉक्टर न म्हणता नावाने शहादेव म्हणणारं घरात असावं, एवढंच. गुडघ्यामुळे येणं झालं नाही तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी मी त्यांना सांगणार आहे, रविवारी, सोळा फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता, त्यांचा चहा झाल्यावर.